एक हात अंतर

आमचा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा त्याला माणसं दिसतच नाहीत असं वाटायचं. खोलीत दहा जण असले तरी तो पंख्याकडे बघत बसायचा. हाक मारली तरी मान वळायची नाही. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला त्या दिवशी डोंबिवलीला घरी येताना आम्ही नवरा-बायको आमचं स्टेशन चुकून पुढे गेलो.

बायकोचं माहेर कोलशेतचं, खाडीवरच्या कोळ्यांचं. तिकडे सणासमारंभाला बायकांच्या अंबाड्याभोवती फुलांची भरगच्च वेणी असते, आणि माझ्या सासूबाई तर साध्या दिवशीही फूल माळल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. कोणाच्या तरी हळदीला आम्ही गेलो होतो. सासूबाई ओटीवर बसून खोबरं खवत होत्या. आमचा मुलगा आपण होऊन उठला, त्यांच्या पाठीशी गेला, अंबाड्याला नाक लावलं आणि डोळे मिटून उभा राहिला. बायको त्याला ओढायला धावली, तशा सासूबाई मान न हलवता म्हणाल्या, "ऱ्हाव दे त्याला. माज्याकडं आलाय तो."

जन्मल्यापासून तो आपल्या पायांनी ज्या पहिल्या माणसाकडे गेला, ते माणूस म्हणजे सासूबाई. आम्ही ते घट्ट धरून ठेवलं. थेरपीच्या बाई म्हणाल्या, छान, याचाच उपयोग करू. मग काय, कोलशेतला गेलो की मावश्या, माम्या, शेजारणी सगळ्या त्याच्यासमोर खाली वाकायच्या. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू जिन्यात थांबून पाठ फिरवायच्या आणि म्हणायच्या, "घे रे बाळा." तो वास घ्यायचा, एखादवेळी हसायचा. बोलता न येणाऱ्या मुलाचा तो नमस्कार होता. त्याच्या पाचव्या वाढदिवसाला बायकोने येणाऱ्या प्रत्येक बाईसाठी गजरा आणून ठेवला होता. त्याचे व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

पाचव्या वर्षी बायकांच्या केसांचा वास घेणारा मुलगा पंधरा वर्षांचा होणार, मग अठरा वर्षांचा होणार, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. दरवर्षी पँट आखूड होत होती, बूट लहान होत होते, दुकानातून नवीन आणत होतो, आणि तरी नाही. यात माझी जास्त लाज आहे, कारण मी इथल्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सेफ्टीचं काम करतो. अपघात कुठे होऊ शकतो ते आधी शोधायचं, याचाच मला पगार मिळतो.

तो सतरा वर्षांचा असताना आम्ही संध्याकाळी भाजी घ्यायला गेलो होतो. मी मेथीची जुडी निवडत होतो. तेवढ्यात माझ्या मागे एक बाई किंचाळली. वळून बघतो तर आमचा मुलगा, माझ्यापेक्षा चार बोटं उंच, ओठांवर मिशी, त्या बाईच्या मानेशी वाकलेला. तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता. ती पंचविशीची असेल. तिच्या हातातली पिशवी खाली पडली होती आणि टोमॅटो रस्त्यावर गेले होते. तीन माणसं दुकानांच्या फळ्यांवरून उतरून आली.

मी मध्ये घुसलो, डिसेबिलिटीचं कार्ड काढलं, हात जोडले. एकाने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "हे ठीक आहे हो काका, पण मग घरी ठेवा ना त्याला. मोकळं कशाला सोडता?" मी त्याला काहीतरी उलट बोलणार होतो. पण ती बाई दिसली. ती मान हाताने पुसत होती, पुन्हा पुन्हा पुसत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिचे टोमॅटो गोळा करून दिले. ते न घेताच ती निघून गेली.

त्या दिवसापासून मला जी भीती बसली ती नेहमीची, आमच्यानंतर याचं कसं होणार वगैरे, ती नव्हती. ती सगळ्याच आईबापांना असते, तिची सवय होते. ही वेगळी होती आणि तिचं कारण मी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं. आता लिहितोच.

मी बावीस वर्षांचा होतो. ठाण्यात मित्राकडे राहायला गेलो होतो, नवरात्र होतं. गर्दीत कोणीतरी ओरडलं, बाईच्या अंगाला हात लावला. मांडवामागच्या गल्लीत पोरांनी एकाला धरलं होतं. तिशीचा माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. नाव विचारलं तर सांगेना. कोणाच्या तोंडाकडे बघेना. दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले. कोणी म्हणालं प्यायलाय, कोणी म्हणालं माज आहे. मी सगळ्यांच्या मागे होतो, मला काहीच माहीत नव्हतं. मी वाट काढून आत गेलो आणि त्याला दोनदा मारलं, एकदा पाठीत, एकदा डोक्यात. नंतर आम्ही मिसळ खायला गेलो. कानांवरचे ते हात मी तेव्हाच बघितले होते, पण ते कशासाठी असतात हे कळायला मला माझाच मुलगा व्हावा लागला. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

म्हणून मला भीती वाटते ती त्या बावीस वर्षांच्या पोराची, जो मागून येतो आणि काही विचारत नाही. अशी पोरं प्रत्येक नाक्यावर उभी असतात. त्यांच्यात वाईट असं काही नसतं. मीही वाईट नव्हतो.

अठरा पूर्ण झाल्यावर मुलगा शाळा संपवून एका कार्यशाळेत जाऊ लागला. आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटं. तिथे त्याच्यासारखी मुलं कागदी पिशव्या करतात, मसाल्याची पाकिटं भरतात. तिथल्या मुख्य बाई शांत, पन्नाशीच्या. त्यांच्याकडे आईबापांना नावाने हाक मारायची पद्धत नाही, सगळे आई आणि बाबा. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "बाबा, त्याला एकट्याने यायला-जायला शिकवायचं. तो मोठा झालाय." मी गजऱ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते आपण सोडवू. घरचं माणूस कोण, ओळखीचं कोण, परकं कोण, हे त्याला फोटोंवरून शिकवू. वर्ष लागेल. थोडं जास्तही लागेल."

माझ्याकडे वर्ष नव्हतं. भाजीबाजार रोज भरतो. मी म्हटलं, माझ्या पद्धतीने करतो.

माझी पद्धत प्लान्टमधली. तिथे धोक्याच्या जागेभोवती जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली असते. तिच्या आत कोणी जायचं नाही. मालक आला तरी नाही. एकाला सूट दिली की दुसरा विचारतो मला का नाही, आणि एक दिवस कोणीतरी भाजतं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत झालेला प्रत्येक अपघात सूट दिलेल्या माणसाचाच होता. म्हणून मी मुलासाठी एकच नियम ठरवला. कोणीही माणूस असो, एक हात अंतर. हात सरळ पुढे करायचा, बोटं पोचली तर मागे सरकायचं.

"बाबा, सगळ्यांना एकच नियम लावू नका," बाई म्हणाल्या. "ही मुलं नियम आपल्यासारखा वाकवत नाहीत. मग तो खरंच सगळ्यांना लागू होईल."

"तेच हवंय मला," मी म्हटलं.

रोज संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये सराव. बायको गजरा माळून पाठमोरी उभी राहायची, मुलगा दारातून चालत यायचा. मी म्हणायचो, "हात. थांब." थांबला की शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा. पुढे गेला की प्लान्टमधली माझी स्टीलची शिट्टी. शिट्टी वाजली की तो कान झाकून खाली बसायचा, गुडघ्यांत डोकं घालायचा. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, शिट्टी नको. हवं तर आणखी सहा महिने लागू देत. आणि मला कशाला हा नियम? मी आई आहे त्याची."

जेवायला बसल्यावर मी तिला त्या गल्लीतलं सगळं सांगितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पहिल्यांदा सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही उठून आत जाईल. ती उठली, फ्रिजमधून ओल्या फडक्यात गुंडाळलेला गजरा काढला, केसांत खोवला आणि हॉलमध्ये जाऊन उभी राहिली. शिट्टीबद्दल पुन्हा ती काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी कोलशेतला गेलो. सासूबाई ओटीवर कोळंबी सोलत होत्या. नातवाला बघून त्यांनी सवयीने मान खाली केली. त्याची पावलं आपोआप वळली, तो वाकला. मी शिट्टी वाजवली. तो मागे उडाला, त्याची पाठ भिंतीवर आपटली, कोळंबीचं ताट सांडलं. शेजारच्या घरातून लोक बाहेर आले. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी कोन हाय रं त्याची?" त्या म्हणाल्या.

"आई, नियम सगळ्यांना एकच."

"तुजा नियम तुज्या कंपनीत ठेव."

सासूबाईंनी कोळंबी गोळा केली, धुतली, आम्हाला जेवायलाही वाढलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांच्या अंबाड्यात फूल नव्हतं. त्यानंतर मी कधीच बघितलं नाही.

तीन महिन्यांत नियम पक्का झाला. शिट्टीची गरज उरली नाही. कोणी जवळ आलं की त्याचा उजवा हात सरळ पुढे यायचा आणि पाय मागे. मी त्याला एकट्याने सोडायला सुरुवात केली. एकट्याने म्हणजे मी पन्नास पावलं मागे, ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावर हेल्मेट, तोंडावर रुमाल, असा चोरासारखा. सकाळ मोकळी राहावी म्हणून सेकंड शिफ्ट मागून घेतली होती. ती पंधरा मिनिटं कशी जायची ते मलाच माहीत. कोपऱ्यावर बाइकवर बसलेली तीन पोरं दिसली की मी पन्नासची वीस पावलं करायचो. शाळेच्या मुली घोळक्याने समोरून आल्या की मी धावायच्या तयारीत. त्याने कोणाकडे टक लावून बघू नये, वाटेत थांबू नये, हात हलवत स्वतःशी हसू नये. एवढ्या साध्या गोष्टींवर माझ्या मुलाचं डोकं फुटू शकतं, हे डोक्यातून जायचं नाही.

एकदा बसस्टॉपवर एक बाई पाठमोरी उभी होती, केसांत अबोलीचा गजरा. मुलगा तिच्याजवळ पोचला आणि थबकला. मी हेल्मेटची काच वर केली. त्याने हात पुढे केला, अंतर बघितलं, एक पाऊल मागे, दोन पावलं डावीकडे, आणि पुढे चालू लागला. बाईला कळलंसुद्धा नाही. मी टपरीवर चहा घेतला. घरी फोन करून बायकोला म्हटलं, जिंकलो. ती फक्त "बरं" म्हणाली.

पाचेक महिने असे गेले. मी त्याच्या मागे जाणं आठवड्यातून दोन दिवसांवर आणलं. त्या दिवशी मी मागे होतो हे नशीब. पाइपलाइनसाठी फुटपाथ उकरलेला होता. एक पेव्हर ब्लॉक वर आलेला, त्यात मुलाचा पाय अडकला आणि तो तोंडावर पडला, बाजूच्या लोखंडी बॅरिकेडवर. उठला तेव्हा कपाळातून रक्त वाहत होतं, डोळ्यात जात होतं.

लोक धावले. ज्यांना मी इतके महिने घाबरत होतो तेच लोक. रिक्षावाला रिक्षा तशीच टाकून आला. एका बाईने पाण्याची बाटली उघडली. बाइकवरची दोन पोरं आली. "अरे भाई, जोरात लागलंय. बस, बस इकडे. काय नाय होत." पोराने हात पुढे केला धरायला. माझ्या मुलाने हात सरळ केला आणि एक पाऊल मागे गेला. रिक्षावाला दुसऱ्या बाजूने आला. आणखी एक पाऊल मागे. बाई म्हणाली, "घाबरू नकोस रे," आणि पुढे आली. तो मागे. त्याच्या मागे फुटपाथ संपत होता आणि रस्त्याने केमिकलचे टँकर येत होते.

मी ओरडत धावलो, "जवळ जाऊ नका. थांबा सगळे." तोंडावर रुमाल बांधलेला माणूस असं ओरडतोय म्हटल्यावर ते माझ्याकडेच संशयाने बघू लागले. मी हेल्मेट, रुमाल काढला, मुलाच्या समोर आलो. मला बघून तो थांबेल असं मला वाटलं होतं. त्याने माझ्या दिशेने हात सरळ केला. मी एक पाऊल टाकलं, कारण बापाला ते टाकावंच लागतं. तो एक पाऊल मागे गेला. त्याची टाच फुटपाथच्या कडेबाहेर गेली.

मी थांबलो. जाग्यावर खिळलो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो आणि मला काही करता येत नव्हतं, कारण मी काहीही केलं असतं तर तो मागे गेला असता.

"खाली बस," मी म्हटलं. जमेल तेवढ्या शांत आवाजात. तो तिथेच, कडेवर बसला. मीही त्याच्यासमोर फुटपाथवर बसलो. खिशातून दुसरा रुमाल काढून हात लांब केला. त्याने हात लांब करून तो घेतला. "कपाळावर दाब. जोरात." त्याने दाबला. सांगितलं ते सगळं तो करत होता, अगदी बरोबर करत होता. त्याच्या मागे रस्त्यावर पोरांनी हात दाखवून टँकर थांबवला होता. त्यातला एक माझ्याजवळ वाकून म्हणाला, "काका, तुमचाच मुलगा आहे ना? मग पकडा ना त्याला." मी त्याला म्हटलं, "नाही पकडता येत."

मी फोन केल्यावर बायको आली, तेव्हाही त्याने तिला जवळ येऊ दिलं नाही. तिच्या मागून, एक हात अंतर राखून, दवाखान्यापर्यंत चालत आला. डॉक्टरांनी तासभर प्रयत्न केला. टाके घालता आले नाहीत. जखम आपोआप भरली, भुवईवर जाड व्रण राहिला.

कार्यशाळेतल्या बाईंनी मला एका शब्दाने ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं तेच काम पुन्हा पहिल्यापासून काढलं. जमिनीवर एक हिरवी चटई, आणि माणसांचे फोटो. ज्याचा फोटो त्याने चटईवर ठेवला तो माणूस जवळ येऊ शकतो, हात लावू शकतो. आधी नुसता फोटो, मग तो माणूस स्वतः चटईवर. दोन महिने लागले त्याच्या आईला चटईवर यायला. ज्या दिवशी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याने तो राहू दिला, त्या दिवशी ती कार्यशाळेच्या पायऱ्यांवर बसून रडली. मग आजी आली, मग बाई स्वतः. बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा आला.

मला मात्र अजून रोज वाटतं की ही चटई मोठी होत जाणार आणि एक दिवस एखादी अनोळखी बाई त्याला तिच्यावर दिसणार. मग नाका, मग पोरं. आणि नियम तसाच ठेवला तर पुन्हा कुठेतरी रस्त्याची कड. दोन्हीपैकी कशाला जास्त घाबरायचं हे मला ठरवता येत नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही आज या. आज तुमचा फोटो घेऊ."

मी गेलो. तो चटईशेजारी मांडी घालून बसला होता. बाईंनी माझा फोटो त्याच्या हातात दिला. तो नेहमी फोटोच्या कोपऱ्याकडे बघतो, तसा बघत राहिला. मग उठला. चटई सोडून पलीकडे गेला, फोटो फरशीवर ठेवला, चटईच्या काठावर गुडघे टेकून हात सरळ केला. बोटं फोटोला लागत होती. त्याने फोटो चार बोटं आणखी पुढे ढकलला, पुन्हा हात करून बघितला. आता लागत नव्हती.

मग तो माझ्याकडे वळला आणि माझ्या खिशाकडे बघत थांबला. त्याला चिक्की हवी होती, कारण त्याने सगळं मी शिकवलं तसंच केलं होतं. मी हात लांब करून त्याला ती दिली.